तौलनिक साहित्यात एम.ए. करू का? बाबा विचारतात, नोकरी कोण देणार?

पत्र

ताई, नमस्कार.

मी जत तालुक्यातली. इंग्रजी विषय घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घरात आम्ही कन्नड बोलतो, पण माझी शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळे कन्नड वाचता येत नाही. आमच्या मॅडमनी एकदा वर्गात तौलनिक साहित्याबद्दल सांगितलं. हैदराबादला, कोलकात्याला त्यात एम.ए. करता येतं म्हणाल्या. तेव्हापासून डोक्यात तेच आहे. बाबा विकास सोसायटीत सचिव आहेत. ते म्हणतात, "कोल्हापूरला इंग्रजीत एम.ए. कर, बी.एड. कर, नाहीतर स्पर्धा परीक्षा दे. ज्या विषयाचं नाव गावात कुणी ऐकलेलं नाही, त्याची नोकरी कोण देणार?" धाकटा भाऊ बारावीला आहे, त्याच्याही शिक्षणाचा खर्च पुढे आहेच. मला कळत नाही, हा माझा नुसता हट्ट आहे का? या विषयात नेमकं शिकवतात काय? नोकरी मिळते का? आणि बाबांना काय सांगू?

– के.

उत्तर

प्रिय के.,

बाबांच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण तुझ्या पत्रातला सगळ्यात नेमका प्रश्न त्यांचा आहे. 'तौलनिक साहित्य' या नावाची नोकरी महाराष्ट्रात जवळजवळ नाही. आपल्या महाविद्यालयांत प्राध्यापकाची जागा निघते ती इंग्रजीची, मराठीची, हिंदीची, आणि जाहिरातीत जो विषय असेल त्यातली पदव्युत्तर पदवी मागतात. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमांत 'संबंधित' किंवा 'संलग्न' विषय चालेल असं लिहिलेलं आहे. पण इंग्रजीच्या जागेसाठी तौलनिक साहित्य संलग्न आहे की नाही, हे त्या त्या ठिकाणची छाननी समिती ठरवते. एक समिती हो म्हणेल, दुसरी तुझा अर्ज बाजूला काढेल. केंद्रीय विद्यालयात अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवायचं, तर एम.ए. इंग्रजीतलंच लागतं. यूपीएससीच्या ऐच्छिक विषयांत मराठी साहित्य आहे, कन्नड आहे, इंग्रजी आहे. तौलनिक साहित्य नाही.

म्हणजे बाबा अडाणीपणाने बोलत नाहीयेत. गावात कुणी नाव ऐकलेलं नाही हे त्यांचं कारण चुकीचं असेल, पण त्यांना वाटणारी भीती खरी आहे. तू त्यांच्याशी वाद घालायला बसशील तेव्हा हे मान्य करूनच बस.

आता दुसरी बाजू. जिथे विषयाच्या नावाने जागा निघतात, तिथेही आज फार सुखाचं नाही. राज्यातली प्राध्यापकभरती वर्षानुवर्षं रखडते. नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा झालेली, पीएच.डी. झालेली माणसं तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, राबताना मी पाहते. तासाप्रमाणे मानधन, तेही महिनोन्महिने उशिरा, उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच नाही आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा नव्याने मुलाखत. कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं, आणि त्या आकड्याकडे बघून किती मुलं आपली उमेदीची वर्षं सीएचबीत घालवतात. इंग्रजीत एम.ए. झालेल्यांची रांग तर सगळ्यात लांब आहे. तेव्हा 'इंग्रजी म्हणजे नोकरी, तौलनिक म्हणजे बेकारी' असा सरळ हिशेब नाही. एका रस्त्यावर पाटी आहे पण गर्दी फार, दुसऱ्यावर पाटीच नाही, एवढाच फरक आहे.

आता शिकवतात काय, ते सांगते. हा भाग जरा लांबेल, कारण तुझा हट्ट आहे की ओढ, हे तुला इथेच कळेल.

बऱ्याच जणांना वाटतं की एक मराठी कविता आणि एक इंग्रजी कविता शेजारी ठेवायच्या आणि साम्य-भेद लिहायचे, झाला तौलनिक अभ्यास. तसले प्रबंध आपल्याकडे ढिगाने झाले आहेत आणि त्यातून हाती फारसं काही लागत नाही. खरा अभ्यास वेगळा असतो. तुझ्याच भागातलं उदाहरण घेते.

मंगळवेढा तुझ्यापासून लांब नाही. बाराव्या शतकात बसवेश्वर कर्नाटकातल्या कल्याणला (आजच्या बसवकल्याणला) जाण्याआधी तिथे बिज्जळ या राज्यकर्त्याच्या सेवेत होते, असं मानतात. पुढे चौदाव्या शतकात त्याच मंगळवेढ्यात गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा गेले. त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारापाशी आहे. एकाच गावाशी कन्नड वचनांची, म्हणजे बसवेश्वर आणि त्यांच्या सोबतच्या शिवभक्तांच्या रचनांची, परंपराही जोडलेली आहे आणि मराठी अभंगांचीही. दोन्हीकडे ज्यांना देवळाबाहेर ठेवलं होतं ते बोलू लागले, दोन्हीकडे बायका बोलू लागल्या. एवढं साम्य तर कुणीही सांगेल. अभ्यास सुरू होतो तो याच्या पुढे.

वचनाला ठरावीक छंद नाही, ते बोलण्याच्या लयीत चालतं. अभंगाला छंद आहे: मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अक्षरं, टाळावर बसणारी. मग कोण कुठे रचू शकलं, कुणाचं तोंडोतोंडी टिकलं, कुणाचं पोथीत गेलं, यात या घडणीचा वाटा किती? आणखी बारकाईने बघ. वचनाच्या शेवटी नाममुद्रा येते ती देवाची. बसवेश्वरांच्या वचनात कूडलसंगमदेव, अक्कमहादेवीच्या वचनात चेन्नमल्लिकार्जुन. अभंगाच्या शेवटी मात्र रचणाऱ्याचं स्वतःचं नाव: 'चोखा म्हणे', 'तुका म्हणे'. आता बायकांकडे ये. अक्कमहादेवी देवालाच नवरा मानते आणि त्याच्याच नावाने सही करते. सोयराबाई स्वतःला 'चोखियाची महारी' म्हणवते. जनाबाई 'नामयाची दासी' म्हणून येते. तिघी तीन तऱ्हांनी 'मी' म्हणतायत. एकीने घरातला पुरुष पूर्ण बाजूला सारला, एकीने नवऱ्याच्या नावामागून आवाज काढला, एकीने ज्याच्या घरी राबली त्या संताच्या नावामागून. असं का झालं? दोन पंथांत गृहस्थाश्रमाकडे बघण्याची दृष्टी वेगळी होती म्हणून? पंढरीच्या वारीत कुटुंब सोबत चालतं म्हणून? की ज्यांनी पुढे हे सगळं लिहून घेतलं, त्यांनी तसं लिहून घेतलं म्हणून?

फक्त मराठी वाचणाऱ्याला हा प्रश्न पडणारच नाही. त्याला अभंगाच्या शेवटी कवीचं नाव येणं इतकं स्वाभाविक वाटतं, की ते दुसऱ्या तऱ्हेनेही होऊ शकतं हे त्याच्या मनातही येत नाही. दुसरी भाषा शेजारी आली की आपल्या भाषेतल्या गृहीत धरलेल्या गोष्टी दिसायला लागतात. या विषयाचं बळ एवढंच आहे, आणि ते लहान नाही.

अशा वाटा मराठीतून सगळीकडे फुटतात. नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. पंजाबातला नामदेव आणि आपला नामदेव एकच आहे का, हा मोठा विषय आहे. फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना, आणि त्यानंतर बरोबर शंभर वर्षं व्हायच्या आत, १९७२ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. काय कुठून आलं, येताना काय बदललं, काय मुद्दाम मागे ठेवलं, हे शोधायला दोन्हीकडची भाषा, दोन्हीकडचा इतिहास आणि भाषांतरांची साखळी, सगळंच लागतं. एम.ए.च्या दोन वर्षांत साधारण हेच असतं: साहित्यप्रकारांचा अभ्यास, भाषांतराचा सिद्धांत आणि प्रत्यक्ष काम, मौखिक परंपरा, भारतीय भाषांतलं साहित्य एकमेकांच्या संदर्भात, आणि बहुतेक ठिकाणी शेवटी एक प्रबंधिका.

मंगळवेढ्याचा परिच्छेद वाचताना तुझं मन पुढे पळत होतं का, तुला आणखी चार प्रश्न सुचले का, हे स्वतःला विचार. सुचले असतील तर तो हट्ट नाही. आणि 'हे सगळं बरं आहे, पण मला मुळात इंग्रजी कादंबऱ्या वाचायला आवडतात' असं मनात आलं असेल, तर त्यातही काही वाईट नाही. मग कोल्हापूरला इंग्रजीत एम.ए. कर, बाबांशी भांडू नको.

कुठे शिकता येतं? देशातला पहिला विभाग कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातला, १९५६ साली कवी बुद्धदेव बसू यांनी सुरू केलेला. तिथे बी.ए.पासून हा विषय आहे, आणि त्यामुळे एम.ए.ला नव्याने येणाऱ्याला पहिलं सत्र जड जातं. शिवाय आजूबाजूला सगळं बंगाली. बंगाली शिकायची तयारी असेल तर सोनं, नाहीतर एकटेपणा. हैदराबाद विद्यापीठातलं केंद्र १९८८पासून आहे. तुला घरही त्यातल्या त्यात जवळ. दिल्ली विद्यापीठात तौलनिक भारतीय साहित्यात एम.ए. करता येतं. सुरतेच्या वीर नर्मद विद्यापीठात विभाग आहे, गुजरात केंद्रीय विद्यापीठात तौलनिक साहित्य आणि भाषांतर यांचं केंद्र आहे. मुंबई विद्यापीठात गुरुदेव टागोर अध्यासन आहे. वसंत बापट आणि भालचंद्र नेमाडे यांनी तिथे काम केलं. आपल्या विद्यापीठांत मराठीच्या एम.ए.लाही तौलनिक साहित्याभ्यासाची पत्रिका घेता येते, पण ती एक पत्रिका, पूर्ण शिक्षण नव्हे.

तुझ्या मॅडमनी एक नाव सांगितलेलं दिसत नाही, ते मी सांगते: केरळ केंद्रीय विद्यापीठ, कासरगोड. तिथल्या विभागाचं नावच 'इंग्रजी आणि तौलनिक साहित्य' असं आहे आणि पदवीही त्याच नावाची. बाबांची जी अडचण, की पदवीवर 'इंग्रजी' हा शब्द हवा, ती तिथे बऱ्याच अंशी सुटते. छाननी समितीपुढे इंग्रजी नाव असलेली पदवी घेऊन जाणं आणि नसलेली घेऊन जाणं यात फरक पडतोच. तरीही प्रवेश घेण्याआधी विभागात फोन करून विचार, की इथून बाहेर पडलेल्यांनी नेट कोणत्या विषयात दिली आणि इंग्रजीच्या जागांवर ते लागले का. आणि कासरगोड जिल्ह्यात कन्नड बोलणारे भरपूर आहेत. तुझ्यासारख्या मुलीसाठी ही जागा मला फार जुळणारी वाटते.

आता खरी गोष्ट, कन्नडची. तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तू जाता जाता लिहिलं आहेस: घरात कन्नड बोलतो, वाचता येत नाही. तौलनिक साहित्यातून पोट भरणाऱ्या ज्या लोकांना मी ओळखते, त्यांतल्या कुणालाही नुसत्या पदवीवर काम मिळालेलं नाही. त्यांना काम मिळालं ते भाषांवर. दोन भाषा पक्क्या, तिसरी कामापुरती, असं ज्याचं आहे त्याला विषय उपयोगी पडतो. ज्याला फक्त इंग्रजी येतं त्याच्या हातात नुसते सिद्धांत उरतात, आणि सिद्धांतांना बाजारात गिऱ्हाईक नाही. तू मराठी शिकलेली, कानाने कन्नड, अभ्यासाने इंग्रजी, हिंदी तर येतंच असणार. चार भाषांत वावरणारी मुलगी आणि स्वतःला 'नाव नसलेल्या विषयाच्या नादाला लागलेली' समजते, याचं मला वाईट वाटलं.

तेव्हा आजपासून कन्नड वाचायला शिक. परीक्षा संपण्याची वाट बघू नको. तुझ्या तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत. पहिलीचं पुस्तक माग, एखाद्या बाईंना विनंती कर. भाषा कानात आहे, त्यामुळे अक्षरं ओळखीची झाली की वाचन भराभर पुढे जाईल. एम.ए.ला जाताना तुला कन्नड गोष्ट सावकाश का होईना वाचता आली पाहिजे. हे झालं नाही तर तुझ्यात आणि इतर शंभर अर्जदारांत काही फरक राहणार नाही.

कामं कोणती, ते आता थोडक्यात. साहित्याचं भाषांतर हे पहिलं डोळ्यांसमोर येतं. कन्नड-मराठी ही जोडी मराठी वाचकांच्या प्रेमाची आहे. उमा कुलकर्णी यांनी भैरप्पांच्या, कारंतांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या आणि त्या घराघरांत वाचल्या गेल्या. बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना २०२५ साली आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. इंग्रजी भाषांतर दीपा भास्ती यांचं, आणि त्या पुरस्काराचे ५०,००० पौंड लेखक आणि भाषांतरकार यांच्यात निम्मे-निम्मे वाटले जातात. ही बातमी बाबांना जरूर सांग, पण आशा लावायला नको. मराठीत केवळ पुस्तकांच्या भाषांतरावर घर चालवणारी माणसं अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बहुतेक जण दुसरी नोकरी करून, रात्री जागून हे करतात. मानधन कमी, ते यायला वेळ, आणि काही प्रकाशक करार लेखी द्यायलाही टाळाटाळ करतात. ते बदलायला हवं म्हणून मी अनेकदा लिहिते, पुढेही लिहीन.

पगाराची कामं दुसरीकडे आहेत. प्रकाशनसंस्थांत संपादनविभाग, त्यात इंग्रजीतून भारतीय भाषांचं साहित्य छापणाऱ्या संस्थांना मूळ भाषेतलं पुस्तक वाचून 'हे घ्या, हे नको' सांगणारं माणूस लागतं, आणि असं माणूस त्यांना सहज मिळत नाही. मालिका-चित्रपटांची उपशीर्षकं आणि डबिंगच्या संहिता. मोबाइल ॲपं आणि संकेतस्थळं भारतीय भाषांत आणण्याचं काम. संग्रहालयं, हस्तलिखितांचे प्रकल्प, लोकसाहित्याचं ध्वनिमुद्रण आणि नोंदणी. सरकारात राज्याचं भाषा संचालनालय आणि केंद्राची राजभाषेची अनुवादकपदं. पण केंद्राच्या पदांसाठी हिंदी आणि इंग्रजी या दोन्ही भाषा पदवीच्या पातळीवर ठरावीक तऱ्हेने असाव्या लागतात आणि जोडीला भाषांतराची पदविका किंवा अनुभव. तुझ्या बी.ए.च्या गुणपत्रिकेवर हिंदी आहे का, ते आजच बघ. नसेल तर तो रस्ता कठीण आहे, त्याच्यावर विसंबू नको.

यंत्रांचं काय, हे तू विचारलं नाहीस, बाबाही विचारायचे राहिले असतील. माहितीपत्रकं, वस्तूंची वर्णनं, सूचना अशा मजकुराचं भाषांतर आता यंत्रं करतात आणि माणसाकडे फक्त तपासायला देतात, अर्थात कमी पैशांत. नवशिके पूर्वी अशा कामांवर हात बसवायचे, ती कामं आटत चालली आहेत. हे आणखी वाढणार. पण तपासणाऱ्याला दोन्ही भाषा उत्तम यायलाच लागतात, आणि मराठी-कन्नडसारख्या जोड्यांत यंत्रं अजून फार चुकतात. केंद्राच्या 'भाषिणी'सारख्या यंत्रभाषांतराच्या उपक्रमांना भारतीय भाषांचा नीट तपासलेला मजकूर लागतो, तिथेही भाषा जाणणाऱ्यांना काम आहे. मध्यम दर्जाचं भाषांतर करणाऱ्याला पुढे जागा नाही. उत्तम करणाऱ्याला आहे, असं मला मनापासून वाटतं.

आणि संशोधन. नेटच्या यादीत तौलनिक साहित्य हा स्वतंत्र विषय आहे, क्रमांक ७२. पहिली पत्रिका १०० गुणांची, दुसरी २०० गुणांची, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. एम.ए.ला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५०. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती म्हणजे जेआरएफ मिळाली, तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, वर घरभाडं वेगळं. पीएच.डी.साठी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही अधिछात्रवृत्त्या आहेत. तू ज्या प्रवर्गात येतेस त्याप्रमाणे अटी वाच. परदेशात, विशेषतः अमेरिकेत, या विषयाच्या चांगल्या विभागांत पीएच.डी.ला शुल्क माफ असतं आणि वर निर्वाहवेतन देतात, बदल्यात शिकवायचं असतं. दक्षिण आशियाई भाषा मुळातून वाचणारा विद्यार्थी त्यांना हवाच असतो. पण तिथे स्वखर्चाने एम.ए. करायला जाऊ नको. कुणी एजंट कितीही गोड बोलला तरी नाही. या विषयासाठी कर्ज काढायचं नाही, ना परदेशात, ना इथल्या एखाद्या महागड्या खासगी विद्यापीठात. पाठीमागे शिकणारा भाऊ आहे, हे मी तुझ्याइतकंच लक्षात ठेवून सांगते आहे. केंद्रीय विद्यापीठांचं शुल्क त्या मानाने खूपच कमी असतं, खर्च येतो तो वसतिगृहाचा आणि मेसचा. वसतिगृह मिळणार का, हे आधी विचार. बाहेर खोली घेऊन राहावं लागलं तर सगळा हिशेब कोलमडतो.

माझं मत मागितलं आहेस म्हणून स्पष्ट सांगते. तुझं स्वप्न जर 'महाराष्ट्रातल्या कॉलेजात इंग्रजीची प्राध्यापक' एवढंच असेल, तर एम.ए. इंग्रजीत कर आणि तौलनिक विषय पीएच.डी.ला घे, अनेकांनी असंच केलं आहे. ते स्वप्न नसेल तर जा. पहिली पसंती कासरगोड, दुसरी हैदराबाद. जादवपूर तुझ्यासाठी तिसऱ्या क्रमांकावर, त्या विभागाबद्दल मला कितीही आदर असला तरी. आणि गेलीस तर पहिल्याच सत्रापासून भाषांतर करत राहा. एम.ए. संपेपर्यंत कन्नडमधून मराठीत केलेल्या दोन-चार कथा दिवाळी अंकांत किंवा नियतकालिकांत, लेखकाची रीतसर परवानगी घेऊन, छापून आलेल्या असाव्यात. मुलाखतीला त्या गुणपत्रिकेपेक्षा जास्त कामाला येतात.

बाबांना काय सांगायचं, हे आता तुझ्या लक्षात आलं असेल. पहिल्यांदा हे सांग, की तुमचं म्हणणं बरोबर आहे, या नावाची नोकरी इथे नाही. मग सांग, की माझं बी.ए. इंग्रजीतलं आहे आणि ते कुठे जात नाही. त्या पदवीवर बी.एड. करून माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवायची वाट एम.ए. कशातही केलं तरी खुली राहते. तुमचा रस्ता मी बंद करत नाहीये, दोन वर्षं पुढे ढकलते आहे. त्यांच्यासारख्या, सोसायटीची खाती सांभाळणाऱ्या माणसाला 'माझं स्वप्न आहे' हे सांगून काही होणार नाही. एका कागदावर दोन वर्षांचा खर्च लिही: शुल्क, वसतिगृह, मेस, येण्याजाण्याचं रेल्वेभाडं. समोर लिही, काय शिष्यवृत्ती मिळू शकते. खाली लिही, नेटचा पहिला प्रयत्न कधी, दुसरा कधी, आणि दोन्हींत जमलं नाही तर बी.एड.ला प्रवेश कोणत्या वर्षी. ती तारीख मनापासून लिही, आणि वेळ आली तर पाळ. बाबा आकड्यांशी भांडतील, भांडू दे. त्यांनी दोन आकडे दुरुस्त केले की तो बेत त्यांचाही झाला. आईबद्दल तू काहीच लिहिलेलं नाहीस. तिलाही त्या कागदापाशी बसव आणि तिचं म्हणणं विचार.

हैदराबाद आणि कासरगोड दोन्हीकडचे प्रवेश सीयूईटी-पीजी या सामाईक प्रवेशपरीक्षेतून होतात. अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात, परीक्षा मार्चच्या सुमारास असते, म्हणजे तुझ्या बी.ए.च्या शेवटच्या सत्राच्या ऐन मध्यावर. कोणत्या अभ्यासक्रमाला कोणती पत्रिका चालते हे त्या त्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं; पत्रिकेचा क्रमांक चुकला तर उत्तम गुण मिळूनही प्रवेश हुकतो, म्हणून अर्ज मॅडमना दाखवल्याशिवाय भरू नको. परीक्षेचं केंद्र सांगली, कोल्हापूर किंवा सोलापूर यांपैकी जे मिळेल ते माग. आणि कोल्हापूरच्या इंग्रजीच्या एम.ए.चाही अर्ज सोबत भरून ठेव.

– ताई